परिचारिकांच्या नोकरीपूर्व चाचण्या: सांगली-सातारा भागातील उमेदवारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेला दवाखान्यांचे गाव म्हणतात ते उगीच नव्हे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली येथे रुग्णालय उभे केले, आणि तेव्हापासून कर्नाटकाच्या सीमेपलीकडचे रुग्णही मिरजेची वाट धरू लागले. रुग्णांमागोमाग परिचारिकांच्या नोकऱ्या आल्या, आणि आता त्या नोकऱ्यांमागोमाग चाचण्या आल्या आहेत. मी अनेक वर्षे या भागात नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवले आणि काही निवड समित्यांवर टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसले. वसतिगृहाच्या व्हरांड्यात, फोनवर आणि कधी एसटी स्टँडवर मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

जीएनएम (परिचर्येची पदविका) किंवा बी.एस्सी. नर्सिंग उत्तीर्ण आहे, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही आहे. मग पुन्हा परीक्षा कशासाठी?

नोंदणीवरून एवढेच सिद्ध होते की आपण परिचारिका म्हणून काम करण्यास कायद्याने पात्र आहात. रात्री तीन वाजता एका बाजूला सलाइन संपलेले, दुसऱ्या बाजूला नातेवाईक हाका मारत असलेले आणि तिसऱ्या खाटेवरच्या रुग्णाचा श्वास वाढलेला अशा वेळी आपले हात कोणत्या क्रमाने चालतील, हे त्या कागदावरून कळत नाही. शिवाय एनएबीएच हे रुग्णालयांच्या दर्जाचे राष्ट्रीय मानांकन असलेल्या रुग्णालयांना आपल्या परिचारिकांची पात्रता आणि कौशल्य तपासून त्याची नोंद ठेवावी लागते. म्हणून या चाचणीकडे कॉलेजच्या परीक्षेची पुनरावृत्ती म्हणून पाहू नये. कॉलेजात आपल्याला काय येते हे पाहिले जाते. येथे आपण कुठे थांबून खात्री करून घेता हे पाहिले जाते. पुढची बहुतेक उत्तरे या एका फरकाभोवतीच फिरतात.

या भागात अर्ज केल्यास कोणकोणत्या चाचण्यांना सामोरे जावे लागते?

ते नोकरी कोणाकडे आहे यावर ठरते. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याशी संलग्न असलेले सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय येथील अधिपरिचारिकांची पदे वैद्यकीय शिक्षण विभागाकडून भरली जातात. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांची पदे सार्वजनिक आरोग्य विभागाकडून, तर प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रांतील आरोग्य सेविकांची पदे जिल्हा परिषदेकडून भरली जातात. या सर्व ठिकाणी संगणकावर घेतली जाणारी बहुपर्यायी परीक्षा असते. खासगी आणि विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांत मात्र एकाच दिवसात सगळे उरकते: सकाळी तासाभराचा लेखी पेपर, मग औषधांच्या मात्रेची गणिते, त्यानंतर मॅनिकिनवर (सरावाच्या मानवी पुतळ्यावर) प्रात्यक्षिक, मेट्रनबाईंची म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांची मुलाखत आणि शेवटी वैद्यकीय तपासणी. कऱ्हाड आणि मिरजेच्या मोठ्या रुग्णालयांत आणि दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये अर्थातच फरक असतो; छोट्या ठिकाणी डॉक्टरीणबाई स्वतः चार प्रश्न विचारतात, एखादी कॅन्युला लावून दाखवायला सांगतात आणि तेवढ्यावर निर्णय होतो.

शासकीय परीक्षेत नर्सिंगचेच प्रश्न असतात ना?

बहुतेक उमेदवार याच समजुतीवर बसतात आणि घसरतात. जिल्हा परिषदांच्या २०२३ च्या भरतीत आरोग्य सेविकांसाठी १०० प्रश्न आणि २०० गुण होते आणि त्यांपैकी तांत्रिक प्रश्न ४० होते. उरलेले मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी यांत विभागलेले होते. गुणवत्ता यादीत येण्यासाठी किमान ४५ टक्के गुणांची अट होती. म्हणजे वॉर्डात वाघीण असलेली मुलगी समानार्थी शब्द, प्रयोग आणि संख्यामालिका यांत गुण घालवून यादीबाहेर राहू शकते. परीक्षा अनेक सत्रांत झाल्यास गुणांचे सामान्यीकरण होते, म्हणजे सोप्या-अवघड पेपरांचे गुण एका पातळीवर आणले जातात, त्यामुळे मैत्रिणीचा पेपर सोपा गेला म्हणून रडत बसण्यात अर्थ नाही.

प्रत्येक भरतीची रचना वेगळी असू शकते. म्हणून जाहिरातीची पीडीएफ कोणाच्या तरी व्हॉट्सॲप संदेशावरून नव्हे, तर विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी आणि अभ्यासक्रमाचे पान छापून भिंतीला लावावे. एम्स रुग्णालयांतील परिचारिका भरतीची नॉरसेट ही परीक्षा देणाऱ्यांनी तर विशेष सावध राहावे, कारण तिच्या पूर्वपरीक्षेत १०० प्रश्नांना ९० मिनिटे असतात आणि चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण वजा होतो. सगळे प्रश्न सोडवून येण्याची सवय तेथे महागात पडते.

माझे गणित शाळेपासूनच कच्चे आहे. मात्रेची गणिते जमतील का?

जमतील. येथे बीजगणित नाही. गुणाकार, भागाकार आणि एकके एवढेच आहे. हव्या असलेल्या मात्रेला हाताशी असलेल्या मात्रेने भागावे आणि ती मात्रा जितक्या मिलिलिटरमध्ये आहे त्याने गुणावे. जेंटामायसिनच्या वायलवर २ मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम असे लिहिले आहे आणि डॉक्टरांनी ६० मिलिग्रॅम लिहून दिले आहे, तर ६० भागिले ८० गुणिले २, म्हणजे १.५ मिलिलिटर. बारा किलोच्या बाळाला दर किलोला १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यायचे तर १८० मिलिग्रॅम होतात. बाटलीवर ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असेल तर ७.५ मिलिलिटर, पण त्याच औषधाच्या ५ मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून फक्त ३.६ मिलिलिटर. परीक्षक मुद्दाम दुसरी बाटली पुढे करतात. लेबल न वाचता पाठ केलेले उत्तर देणारा उमेदवार तेथेच सापडतो.

सलाइनच्या थेंबांसाठी एकूण मिलिलिटरला सेटच्या ड्रॉप फॅक्टरने (एका मिलिलिटरचे किती थेंब होतात त्या आकड्याने) गुणून मिनिटांनी भागावे. ५०० मिलिलिटर चार तासांत, २० थेंबांच्या सेटने द्यायचे असल्यास १०,००० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. हेच सलाइन ६० थेंबांच्या मायक्रो सेटने द्यायचे म्हटले तर मिनिटाला १२५ थेंब येतात, आणि तेवढे थेंब डोळ्यांनी मोजता येणार नाहीत हे ज्याच्या लक्षात येते त्याने वॉर्डात काम केले आहे हे समितीला न सांगता कळते. अतिदक्षता विभागासाठी अर्ज असेल तर सिरिंज पंपाचे गणितही येते. ५० मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम डोपामिन असताना ६० किलोच्या रुग्णाला दर किलोला, दर मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम द्यायचे आहे. मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम, तासाला १८,००० मायक्रोग्रॅम. एका मिलिलिटरमध्ये ४,००० मायक्रोग्रॅम आहेत, म्हणून तासाला ४.५ मिलिलिटर. मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम करताना तीन शून्ये विसरली की उत्तर हजारपटीने चुकते.

उत्तर आले की लगेच लिहू नये. एका इंजेक्शनला पाच ॲम्प्युल फोडावे लागत असतील तर आधी स्वतःवर संशय घ्यावा. दशांश लिहिताना ‘०.५’ असे शून्यासह लिहावे, आणि ‘५.०’ असे लिहू नये, कारण घाईत तो टिंब दिसला नाही की पाचाचे पन्नास होतात. रोज दहा गणिते कॅल्क्युलेटरशिवाय सोडवली तर महिन्याभरात भीती जाते, असा माझा अनुभव आहे.

मुलाखतीत इन्सुलिनवर इतका भर का असतो?

कारण तेथे चूक करणे फार सोपे आहे. आपल्याकडे वायलमधले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. पेनच्या कार्ट्रिजमधले १०० युनिटचे असते आणि त्या तीव्रतेच्या सिरिंजचे टोपण नारिंगी असते. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले, तर रुग्णाला २० नव्हे, ५० युनिट जातात.

एका निवडीच्या वेळी आम्ही टेबलावर दोन्ही सिरिंजा ठेवल्या आणि प्रत्येकाला म्हटले, ‘वीस युनिट भरून दाखवा.’ आधीच्या सहा-सात जणांनी जवळची सिरिंज उचलून झटकन भरून दाखवली. जत तालुक्यातून आलेल्या एका मुलीने मात्र सिरिंज उजेडाकडे धरून रेघा वाचल्या, ती परत ट्रेमध्ये ठेवली आणि विचारले, ‘मॅडम, वायल कुठली आहे?’ लेखी परीक्षेत ती बरीच मागे होती. तिची निवड झाली, आणि त्यावर समितीत वाद झाला नाही.

आजारांपैकी कशाचा अभ्यास आधी करावा?

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आणि नवजात बाळाची काळजी हे सगळीकडेच येते. पण आपल्या भागातले परीक्षक आपल्या भागातले रुग्णही विचारतात. तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांत फवारणी करून आलेला माणूस घामाघूम आहे, तोंडातून लाळ गळते आहे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत आणि नाडी मंद आहे. हे ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेचे चित्र आहे हे ओळखता आले पाहिजे. अंगावरचे कपडे काढून त्वचा धुणे, हातमोजे घालणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे आणि ॲट्रोपिन हे उताऱ्याचे औषध तयार ठेवणे ही परिचारिकेची कामे आहेत. ॲट्रोपिन चालू असताना छातीतला ओलावा कमी झाला का हे पाहायचे असते. केवळ बाहुल्या मोठ्या झाल्यावर समाधान मानायचे नसते.

सर्पदंशही तसाच. ऊसतोडीच्या हंगामात खोपीत जमिनीवर झोपलेला मजूर पहाटे पोट दुखते म्हणून येतो, पापण्या जड झालेल्या असतात आणि चाव्याची खूण कुठेच दिसत नाही, तर मण्यारीचा विचार करावा. घोणसाच्या दंशात रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी करतात; दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी कलती करून पाहायचे. प्लास्टिकच्या नळीत का नको, हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया सुरू होते, प्लास्टिकच्या तशी होत नाही.

‘अशा वेळी तुम्ही काय कराल?’ या प्रश्नांना बरोबर उत्तर असते का?

असते, आणि ते बहुधा सर्वांत शूर उत्तर नसते. समजा, चार रुग्ण एकाच वेळी बोलावत आहेत: एकाला टाके दुखत आहेत, एकाचा डिस्चार्जचा कागद अडला आहे, एका शुद्धीवर असलेल्या मधुमेह्याची साखर ६२ आहे आणि थायरॉइडची शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईंच्या श्वासाला घरघर लागली आहे. आधी घरघर, मग साखर, मग वेदना आणि शेवटी कागद. मात्र थायरॉइडच्या रुग्णाकडे धावताना सोबतच्या सिस्टरला साखरेकडे पाठवले, हेही सांगावे. एकटीने सगळे केले असे सांगणाऱ्यांना वाटते तेवढे गुण मिळत नाहीत.

फोनवरून औषधाचा आदेश आला तर तो लिहून घेऊन परत वाचून दाखवावा आणि डॉक्टर आल्यावर सही घ्यावी. चुकीचे औषध दिले गेल्यास आधी रुग्णाकडे जावे, मग डॉक्टर व इन्चार्ज सिस्टरना सांगावे, खरी नोंद करावी आणि घटनेचा अहवाल भरावा. माझ्या उमेदवारीच्या काळात, एका रुग्णालयात, मी स्वतः एका बाईंचे औषध त्याच आडनावाच्या शेजारच्या बाईंना दिले होते. त्यांना काही अपाय झाला नाही, पण तेव्हाच्या इन्चार्जनी मला ‘केसपेपरवर लिहू नकोस’ असे सांगितले, आणि ते मला औषध चुकल्यापेक्षा अधिक लागले. आज मुलाखतीत असा प्रश्न आला तर चूक लपवण्याचा पर्याय निवडणारा उमेदवार बाद होतो.

प्रात्यक्षिकात काय पाहतात?

पहिल्या अर्ध्या मिनिटातच पुष्कळ ठरते. मॅनिकिनला हात लावण्याआधी हात धुतले का, स्वतःचे नाव सांगितले का आणि रुग्णाची ओळख नाव व नोंदणी क्रमांक या दोन्हींनी पटवली का. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे, कारण खाटा बदलतात. हे सगळे मोठ्याने बोलत करावे. मनातल्या मनात केलेल्या गोष्टींना गुण देता येत नाहीत. प्रौढाच्या हृदयपुनरुज्जीवनात ३० दाबांना २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० दाब आणि ५ ते ६ सेंटिमीटर खोली हे आकडे पाठ असून भागत नाही, कोपर न वाकवता दोन मिनिटे ते टिकवावे लागते. घरी उशीवर सराव करता येतो. उशी मॅनिकिनसारखी नसते, पण दम किती लागतो ते कळते.

प्रात्यक्षिक संपल्यावर कचरा कुठे टाकता याकडेही परीक्षकांचे लक्ष असते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार आयव्ही सेट व कॅथेटर लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काचेच्या वायल निळ्यात आणि रक्ताने माखलेला कापूस पिवळ्यात जातो. रक्ताची रिकामी पिशवी प्लास्टिकची असूनही पिवळ्यात जाते, आणि नेमकी तीच विचारली जाते. सुईला टोपण परत लावणाऱ्याचे तर परीक्षक तोंडच पाहत राहतात.

लग्न आणि बाळंतपण यांमुळे चार-पाच वर्षे खंड पडला आहे. आता चाचणी देता येईल का?

येईल. खंड लपवू नये. अर्जात सरळ लिहावा. आधी कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का ते पाहावे, कारण कित्येक जणी अभ्यास पुरा करतात आणि कागदाशी अडकतात. त्यानंतर एखाद्या ओळखीच्या रुग्णालयात महिना-दोन महिने, पगार थोडा कमी असला तरी, वॉर्डात उभे राहावे. पुस्तक विस्मरणात जाते तेवढ्या लवकर हात विसरत नाहीत, पण यंत्रे बदललेली असतात. सिरिंज पंप, मॉनिटर आणि संगणकावरच्या नोंदी यांची ओळख करून घेणे हे या काळातले मुख्य काम. समितीपुढे ‘घरी होते’ एवढेच न म्हणता या महिन्यांत काय नव्याने शिकलात ते सांगावे.

स्वभावाच्या चाचणीत नापास होतात का?

तशी नापास होण्याची चाचणी ती नसते. काही मोठ्या रुग्णालयसाखळ्या ती घेतात. तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत दोन-तीनदा येतो आणि उत्तरे एकमेकांशी जुळतात का ते पाहिले जाते. ‘मला कधीच राग येत नाही’ याला ‘पूर्ण सहमत’ असे लिहिणाऱ्यावर कोणीही अनुभवी मेट्रन विश्वास ठेवणार नाही.

इंग्रजी किती यायला हवे?

खासगी रुग्णालयांचा पेपर बहुधा इंग्रजीत असतो आणि नोंदीही इंग्रजीतच लिहाव्या लागतात. अलंकारिक इंग्रजीची गरज नाही. रोज एका रुग्णाची पाच ओळींची नोंद लिहून एखाद्या वरिष्ठ सिस्टरना दाखवावी. मिरजेत आणखी एक गोष्ट उपयोगी पडते, ती म्हणजे थोडे कन्नड; ‘कुठे दुखते’ आणि ‘कधीपासून’ एवढे विचारता आले तरी मुलाखतीत जरूर सांगावे.

वैद्यकीय तपासणीत नोकरी नाकारली जाऊ शकते का?

रक्त तपासणी, छातीचा एक्स-रे आणि हेपटायटिस बीच्या लसीची नोंद हे नेहमीचे आहे. लस ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यायची असते, म्हणून नोकरीचे पत्र येण्याची वाट पाहू नये. शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करून ती १० mIU/mL च्या वर आहेत ना हे पाहून घ्यावे. एचआयव्हीच्या बाबतीत मात्र कायदा स्पष्ट आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला आहे, आणि नोकरीची पूर्वअट म्हणून एचआयव्ही चाचणी लादण्यास त्यात मनाई आहे.

परदेशी जायचे आहे. येथील तयारी तेथे चालेल का?

पाया तोच, घर वेगळे. ब्रिटनमधील परिचारिका नोंदणीच्या संगणक चाचणीत अंकगणिताचे १५ प्रश्न आणि नर्सिंगचे १०० प्रश्न असे दोन भाग असतात, आणि वर मांडलेली गणिते तेथे जशीच्या तशी उपयोगी पडतात. अमेरिकेची एनक्लेक्स ही परिचारिका परवान्याची, उत्तरांनुसार प्रश्न बदलत जाणारी परीक्षा आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या स्वरूपात तिच्यात ८५ ते १५० प्रश्न येतात आणि एकाच रुग्णाची हकिगत टप्प्याटप्प्याने पुढे सरकते. इंग्रजी भाषेची परीक्षा, कागदांची पडताळणी आणि त्यांचा खर्च यांचा हिशेब आधी मांडावा.

क्लास लावावा का? आणि पैसे दिल्यास ‘सेटिंग’ होते म्हणतात, ते खरे का?

मराठी व्याकरण आणि बौद्धिक चाचणी यांसाठी क्लासचा उपयोग होतो. नर्सिंगसाठी मला स्वतःला क्लासपेक्षा ड्युटीवरची छोटी वही अधिक मोलाची वाटते: रोज हाताखालून गेलेल्या तीन औषधांची मात्रा, मार्ग, दुष्परिणाम आणि देण्याआधी काय तपासायचे ते तिच्यात लिहावे. पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत कधीच ढकलायचे नाही, डिजॉक्सिनआधी पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची, अशा गोष्टी वहीतून जितक्या पक्क्या बसतात तितक्या व्हिडिओतून बसत नाहीत. वेळ लावून सराव चाचण्या मात्र द्याव्याच, आणि चुकलेला प्रश्न माहिती नव्हती म्हणून चुकला की नीट वाचला नाही म्हणून, हे प्रत्येक वेळी शेजारी लिहावे.

पैशांचे म्हणाल, तर नोकरी लावून देतो म्हणून रक्कम मागणारा किंवा मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणारा मध्यस्थ भेटला की तेथूनच परत फिरावे. २०२१ च्या आरोग्य विभाग भरतीत पेपर फुटला, परीक्षा रद्द झाली आणि प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्यांचाही वेळ वाया गेला. मूळ कागद पडताळणीसाठी दाखवावेत आणि सोबत परत आणावेत.

परीक्षेच्या दिवसासाठी काही सूचना?

केंद्र कोल्हापूर किंवा पुण्याला आले असेल तर पहाटेच्या एसटीवर विसंबू नये. शक्य असल्यास आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम करावा. आदल्या रात्रीची नाइट ड्युटी बदलून घ्यावी, मग बदल्यात दोन नाइट कराव्या लागल्या तरी चालतील. हॉल तिकिटावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळते का हे लग्न झालेल्या उमेदवारांनी आठवडाभर आधीच पाहावे. आणि परीक्षा श्रावणात आली, तर नागपंचमीची मेंदी परीक्षा होईपर्यंत बोटांना लावू नये. केंद्रावर अंगठ्याचा ठसा घेतात आणि मेंदीच्या बोटांचा ठसा यंत्राला नीट उमटत नाही. मेंदी पंचमीनंतरही लावता येते.